प्रसेनजित राजाचा शेवटचा घास : आहार, चंक्रमण व सातत्य – एक अभ्यास

संयुत्त निकायाच्या कोसल संयुत्तात दोणपाक नावाचे एक लहानसे सुत्त आहे. बी.ए.ला पाली विषय घेतला होता तेव्हा आम्ही ते परीक्षेपुरते पाठ केले, मार्क मिळवले आणि विसरलो. पुढे बँकेत लागलो. वीस वर्षे काउंटरच्या आत खुर्चीवर बसून काढल्यावर, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, रक्ततपासणीच्या एका कागदामुळे ते सुत्त आम्हांला पुन्हा उघडावे लागले. त्या सुत्ताचा अभ्यास येथे मांडण्याचा प्रयत्न आहे. परंतु तो केवळ पोथीचा अभ्यास नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

कथा अशी. कोसल देशाचा राजा प्रसेनजित, म्हणजे पालीतला पसेनदी, हा एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात कालवणासह खात असे. एके दिवशी असेच भरपेट जेवून तो धापा टाकीत श्रावस्तीला भगवान बुद्धांकडे आला व अभिवादन करून एका बाजूस बसला. त्याची ती अवस्था भगवंतांनी ओळखली आणि एक गाथा म्हटली. तिचा आशय इतकाच की, जो सदैव जागृत राहतो आणि समोर आलेल्या अन्नातही मात्रा ओळखतो, त्याची दुखणी उणावतात व त्याला वार्धक्य सावकाश येते. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा ब्राह्मण तरुण उभा होता. राजा त्याला म्हणाला, ही गाथा भगवंतांकडून शिकून घे आणि माझ्या जेवणाच्या वेळी म्हणत जा; तुला रोज शंभर कार्षापण देईन. सुदस्सनाने तसे केले. राजा क्रमाक्रमाने जास्तीत जास्त एक नाळीभर भातावर येऊन स्थिर झाला. पुढे अंग हलके झाल्यावर तो स्वतःच्या हातापायांवरून तळवा फिरवीत आनंदाने उद्गारला की, भगवंतांनी माझे दोन्हीकडचे हित केले, या जीवनातलेही आणि पुढचेही.

येथे एक खुलासा. द्रोण म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पत्रावळीवरचा पानांचा द्रोण येतो आणि वाचकाला वाटते, एवढ्याशा भाताचे काय मोठेसे! परंतु हे धान्याचे माप आहे. पालीच्या कोष्टकाप्रमाणे चार नाळींचा एक आळ्हक आणि चार आळ्हकांचा एक दोण. म्हणजे राजा सोळा हिश्श्यांवरून एका हिश्श्यावर आला. हा आकडा नीट लक्षात घेतला तर कथेतील खरा शब्द कोणता ते कळते. तो शब्द आहे ‘अनुपुब्बेन’, क्रमाक्रमाने. राजाने उद्यापासून भात बंद, अशी प्रतिज्ञा केली नाही. भगवंतांनीही त्याला चारचौघांत खादाड म्हटले नाही, किंवा अमुक खा, तमुक सोड अशी यादी हातात दिली नाही.

मग हे ‘अनुपुब्बेन’ घडले कसे? त्याचे उत्तर सुत्तात नाही, अट्ठकथेत आहे, आणि परीक्षेच्या वेळी आम्ही नेमका तोच भाग सोडून दिला होता. अट्ठकथा सांगते की, भगवंतांनी सुदस्सनाला बजावले, ही गाथा जेवणाच्या आरंभी म्हणू नकोस. राजा शेवटचा घास उचलील तेव्हा म्हण. ती ऐकून राजा तो घास खाली ठेवील. मग त्या घासात भाताची शिते किती आहेत ती मोजून दुसऱ्या दिवशी तितके तांदूळ कमी शिजवायला सांग. पुन्हा शेवटचा घास, पुन्हा गाथा, पुन्हा तितके तांदूळ कमी. पोट रिकामे असताना उपदेश कोणी ऐकत नाही, आणि पोट तुडुंब भरल्यावर ऐकून उपयोग नाही. एक घास उरला असता माणूस ऐकू शकतो. आमच्या वाचनात आलेल्या आहाराच्या पुस्तकांपैकी कशातही इतकी अचूक वेळ सांगितलेली आम्हांला आढळली नाही.

आता आमच्याविषयी. २०२४ च्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आम्ही नेहमीप्रमाणे वसाहतीतून निघालो. कॉलेजात असताना याच मिरवणुकीत आम्ही निळा झेंडा घेऊन शेवटपर्यंत नाचत गेलेलो आहोत. या वेळी अर्ध्या वाटेवरच दम लागला आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसावे लागले. पाणी वाटणारा एक मुलगा जवळ आला व म्हणाला, “काका, रिक्षा बोलवू का?” तो बिचारा काळजीनेच बोलला, पण तो प्रश्न आमच्या मनात रुतून बसला. मे महिन्यात बँकेच्या वार्षिक तपासणीत वजन ८६ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, उपाशीपोटीची साखर ११८ आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ निघाला. डॉक्टर म्हणाले, हा मधुमेह नव्हे, मधुमेहाचा उंबरठा आहे. येथून मागेही फिरता येते. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले हे त्यांच्या चरित्राच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. आम्ही ते वाचले होते, व्याख्यानातही सांगितले होते. आपल्याला लागू होईल असे मात्र कधी वाटले नव्हते.

वाटले नव्हते त्याला एक कारण आहे आणि ते आपल्या समाजापुरते स्पष्ट बोलले पाहिजे. आमच्या वडिलांनी १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. त्या काळची सुकडी आणि लाल मिलोची भाकरी यांच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. अशा घरात ताटात काही उरवणे हा गुन्हा असतो. आम्ही बँकेत लागलो आणि दोन-तीन वर्षांत पोट सुटले तेव्हा आजी शेजारणींना कौतुकाने सांगत असे, “पोराच्या अंगावर मूठभर मांस आलं.” तिचे काय चुकले? तिच्या लेखी पोट सुटणे म्हणजे उपासमारीतून सुटणे. आमच्या पिढीला पोटभर अन्न मिळाले ही लहान गोष्ट नव्हे. परंतु शरीर मात्र जुन्याच हिशोबाने चालते. मिळेल ते साठवून ठेवते, कारण त्याला दुष्काळाची सवय आहे.

हे केवळ आमचे बोलणे नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व नवजात बालके यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो व इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो, परंतु आपल्या बाळांत जे कमी होते ते मुख्यतः स्नायू, चरबी तितकी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचे व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात शेजारीशेजारी छापले. दोघांच्याही शरीराचा वजन-उंची निर्देशांक २२.३ असा तंतोतंत सारखा. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! विद्यार्थी मित्रांनो, आपण सडपातळ आहोत म्हणून हा लेख सोडून पुढच्या पानावर जाऊ नका, ते एवढ्यासाठी. हा निर्देशांक काढणे सोपे आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा अशी मर्यादा सुचवली, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे म्हटले. आमचा निर्देशांक ३०.५ होता. कमरेचा आकडा लिहिण्याची येथे गरज नाही.

कागद हातात आल्यावर आम्ही काय केले? जे सगळे करतात तेच. वसाहतीजवळच्या एका व्यायामशाळेत वर्षाची फी एकदम भरली, नवे बूट घेतले, रात्रीचे जेवण बंद केले. पहिल्याच आठवड्यात चालत्या पट्ट्यावर तरुण मुलांच्या बरोबरीने धावलो. गुडघा सुजला. रात्री भुकेने झोप येईना, मग अकरा वाजता फरसाणाचा डबा उघडायचा. एकोणिसाव्या दिवशी जाणे थांबले. फी परत मिळत नव्हती, म्हणून काही दिवस त्या रस्त्यानेच जायचे टाळले.

पुढे विनयपिटकातील सोण कोळिविसाची हकिकत वाचली तेव्हा हसू आले व थोडी लाजही वाटली. चंपानगरीच्या धनिकाचा हा मुलगा इतका सुकुमार की त्याच्या तळपायांना लव उगवलेली. भिक्खू झाल्यावर राजगृहाच्या सीतवनात तो अनवाणी इतके चालला की पाय फुटून चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. आणि मग त्याच्या मनात काय आले? आणखी नेटाने चालावे, असे नाही. घरी परत जावे, संपत्ती आहेच, दानधर्म करीत राहावे, असे आले. ही बाब फार महत्त्वाची आहे. अति करणारा माणूस मध्यावर थांबत नाही, तो थेट घरी जातो. तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांविषयी विचारले. तार फार ताणली तर सूर नीट लागतो काय? आणि सैल सोडली तर? सोण स्वतः वीणा वाजवणारा होता, त्याला लगेच समजले. त्यावर भगवंतांनी त्याला एकतळी पादत्राणे वापरण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, सर्व संघाला परवानगी असेल तरच मी वापरीन. आणि ती सर्वांना मिळाली. उपदेशाबरोबर पायांत घालण्याचीही सोय झाली! ज्यांना चालायचे आहे त्यांनी रबरी सपाता बाजूला ठेवून टाचेला आधार देणारे साधे बूट घ्यावेत, ही आमची सूचना याच आधारावर आहे.

आता चंक्रमणाकडे वळू. आपल्यापैकी अनेकांची समजूत अशी की चंक्रमण ही केवळ ध्यानाची क्रिया आहे. ती ध्यानाची आहेच. परंतु चुल्लवग्गात तिची परवानगी कशी मिळाली ते पाहावे. वैशालीत भिक्खूंना एकामागून एक घरी उत्तमोत्तम भोजनाची निमंत्रणे मिळत होती. त्यामुळे त्यांची शरीरे जड झाली, दुखणी वाढली. वैद्य जीवक काही कामानिमित्त वैशालीला आला, त्याने हे पाहिले, आणि भगवंतांना विनंती केली की भिक्खूंना चंक्रमणाची जागा व घाम काढण्यासाठी जंताघर यांची अनुमती द्यावी. भगवंतांनी ती दिली. म्हणजे ही एका डॉक्टरची शिफारस होती, आणि कारण होते जेवणावळी! अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची ताकद येते, परिश्रमाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. पाचांपैकी चार शरीराचे आहेत, हे आम्ही मुद्दाम मोजले.

विसाव्या शतकात याच गोष्टीचा पुरावा लंडनच्या बसगाड्यांत मिळाला. डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केले की, दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक होतो. त्याच अभ्यासात पायी व सायकलने टपाल वाटणारे पोस्टमन आणि खुर्चीवर बसणारे टपालखात्यातील कारकून यांचीही तुलना होती. कारकुनांचे काय झाले असेल ते आमच्यासारख्या कारकुनाने निराळे सांगायला नको. १९५६ साली त्यांनी या बसकामगारांच्या गणवेशांची मापे काढली, तर ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला जास्त मोठ्या निघाल्या. पगारात फार फरक नाही, शहर तेच, फरक जिन्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे. भरभर चालणे मध्यम श्रमात येते; चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ही त्याची सोपी खूण.

आम्ही २१ जुलै २०२४ रोजी, आषाढ पौर्णिमेला, वर्षावासाच्या प्रारंभी पुन्हा सुरुवात केली. जागा आपल्या विहाराचे आवार. एक फेरी ७५ मीटरची आहे, टेपने मोजून घेतली. पन्नास फेऱ्या म्हणजे पावणेचार किलोमीटर, साधारण पाऊण तास. मोजदाद चुकते म्हणून डाव्या खिशात दहा चिंचोके ठेवायचे व पाच फेऱ्या झाल्या की एक उजव्या खिशात टाकायचा. पाऊस असला तर आत सभागृहात. पहिल्या आठवड्यात फक्त दहा फेऱ्या, मग दर आठवड्याला पाच वाढवल्या. दारात एक वही ठेवली आणि तिला मस्टर असे नाव पडले. सुरुवातीला अकरा जणांच्या सह्या होत होत्या, ऑगस्टअखेर चारच उरल्या, पुढे पुन्हा नऊ झाल्या. ही भरती-ओहोटी पाहून कोणी खचू नये.

वर्षावासच का? त्यालाही आधार सापडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांवर पाहणी केली. एखादी कृती रोज ठरलेल्या प्रसंगाला जोडून करीत गेल्यास ती सवय व्हायला किती दिवस लागतात, हा त्यांचा प्रश्न होता. मध्यक उत्तर आले ६६ दिवस. मात्र कोणाला १८ दिवस पुरले तर कोणाला अंदाजे २५४ लागतील असे दिसले. मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष बिघाड झाला नाही, हेही त्यांना आढळले. एकवीस दिवसांत सवय लागते असे जे सर्वत्र सांगितले जाते त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश झालेले अनेक जण आम्ही पाहिले आहेत. २०२४ चा वर्षावास ८९ दिवसांचा होता. त्यात आमच्या सह्या ७१. अठरा खाडे, त्यांपैकी पाच सर्दीतापाचे, बाकीचे आळसाचे. पूर्वी आम्ही एक खाडा झाला की ‘आता पुढच्या सोमवारपासून’ असे म्हणत असू. खातेदाराचा रिकरिंगचा एक हप्ता चुकला म्हणून तो खाते बंद करीत नाही, पुढचा भरतो. हे रोज काउंटरवर पाहूनही स्वतःला लागू करायला आम्हांला चव्वेचाळीस वर्षे लागली.

आता हिशोब. तो नीट न मांडल्यामुळेच पुष्कळांची उमेद जाते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. आमच्या वजनाच्या माणसाने पाऊण तास चालल्यावर खर्च होतात सुमारे २०० ते २२५. एक वडापाव साधारण ३०० च्या घरात जातो. म्हणजे विहारात पन्नास फेऱ्या मारायच्या आणि येताना कोपऱ्यावर एक वडापाव खायचा, तर खात्यात शिल्लक उणे. याउलट चहाचे पाहा. बँकेत आम्ही दिवसाला चार चहा घेत होतो, प्रत्येकी दोन चमचे साखर. एका चमच्याच्या २० धरल्या तरी १६० झाल्या. ही साखर सोडली आणि बाकी काही बदलले नाही तर वर्षाला कागदावर साडेसात किलो होतात. कागदावर, असे मुद्दाम म्हटले. कारण वजन उतरू लागले की शरीर खर्चही आखडते घेते, आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी उतरते. तात्पर्य, वजन उतरते ते मुख्यतः ताटातून, आणि उतरलेले वजन टिकण्यास, हृदय, साखर व झोप यांस चालण्याची मदत होते. दोहोंपैकी एकाच बाजूवर भिस्त ठेवणारा फसतो.

ताटाचे काय केले? राजाचीच पद्धत. शिते मोजणे आम्हांला शक्य नव्हते, म्हणून मापाची वाटी ठरवली. भात तीन वाट्यांवरून अडीच, महिन्याने दोन, पुढे दीड. भाकऱ्या तीनच्या दोन. डाळ, उसळ, अंडे व पालेभाजी यांना हात लावला नाही, उलट वाढवले. कारण ती कमी केली तर रात्री फरसाणाचा डबा आठवतो. पहिल्या तीन महिन्यांत साडेतीन किलो उतरले. नंतर सहा आठवडे काटा जागचा हलला नाही. रोज वजन करणाऱ्याला तर वेडच लागेल, कारण मीठ व पाणी यांमुळेच किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी उपाशीपोटी करावे. मार्च एंडिंगला रात्री नऊपर्यंत बँकेत बसलो, चालणे बुडाले, बाहेरचे खाल्ले, आणि दीड किलो परत आले. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली दाखवले आहे की, वजन उतरवल्यानंतर भूक वाढवणारे शरीरातील स्राव एक वर्ष उलटले तरी पूर्वपदावर येत नाहीत. म्हणजे परत लागणारी भूक ही मनाची दुबळीक नव्हे, शरीराची वसुली आहे. हे कळले म्हणून आम्ही एप्रिलमध्ये निमूटपणे मस्टरवर पुन्हा सही केली.

काटा हलत नसेल तर सारे व्यर्थ आहे काय? चेन्नई येथील डॉ. रामचंद्रन व सहकाऱ्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जण त्यांनी निवडले. तीन वर्षांत, साध्या सल्ल्यावर सोडलेल्या गटात शंभरी ५५ जणांना मधुमेह झाला. आहार व चालणे नेटाने पाळणाऱ्या गटात ३९ जणांना. विशेष म्हणजे या दुसऱ्या गटाचे वजन फारसे उतरलेच नव्हते! ज्यांचे वजन अडून बसले आहे त्यांनी हा आकडा घरात लिहून ठेवावा.

उपासिकांविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आम्ही मोठ्या उत्साहाने चंक्रमणाचे पाच लाभ घरी वाचून दाखवले तेव्हा पत्नी म्हणाली, “तुमचं चंक्रमण होतं तोवर माझा डबा होतो. माझं कधी?” तिचे गुडघे आमच्याहून जास्त दुखतात. सर्वांच्या शेवटी जेवणारी आणि पातेल्यात उरलेले वाया जाऊ नये म्हणून संपवणारी बाई घरात असते, तिचा शेवटचा घास तिचा स्वतःचा नसतोच. तो घरातल्या सर्वांचा उरलेला घास असतो. तेव्हा तांदूळ मोजून घ्यायचे ते सगळ्या घराचेच. भाजी आम्ही रात्री चिरून ठेवू लागलो, सोमवार-बुधवार-शुक्रवार डबा आम्ही भरतो, व त्या दिवशी ती विहारात जाते. आता साडेपाचच्या फेऱ्यांना सहा भगिनी येतात. आवारातला दिवा बंद पडतो तेव्हा त्या येत नाहीत, म्हणून दिव्याचा प्रश्न कार्यकारिणीने लवकर सोडवावा ही विनंती. तसेच वर्षावासातील प्रवचनांनंतरच्या अल्पोपाहारात बुंदी व भजी यांच्याबरोबर निदान मोडाची उसळ, केळी ठेवावीत. वैशालीच्या भिक्खूंची गत आपली होऊ नये.

एक सावधगिरी. पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणारे बंधू-भगिनी आपल्यात आहेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे करू नये. साखर एकाएकी खाली जाऊन जिवावर बेतते. चालताना छातीत दाटल्यासारखे झाले तर फेऱ्या पुऱ्या करण्याचा हट्ट न धरता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आमचे वजन ७८ किलो भरले, तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ५.७. निर्देशांक २७.६, म्हणजे २५ च्या आत यायला अजून साडेसात किलो आहेत. २०२५ च्या १४ एप्रिलला मिरवणुकीत शेवटपर्यंत चाललो, नाचलो मात्र नाही.

राहता राहिला सुदस्सन. आमच्या घरी ते काम आठवीतल्या मुलीकडे आहे. रोज रात्री ताटात एक घास उरला की तिने “बाबा, शेवटचा” एवढेच म्हणायचे. शंभर कार्षापण परवडण्यासारखे नव्हते, पाच रुपयांवर सौदा झाला. गेल्या महिन्यात तिने वहीत तेरीज मांडून १४० रुपये बाकी दाखवली. लग्नाच्या पंगतींतले चार दिवस आम्ही कापून दाखवले, कारण त्या दिवशी घास ताटात राहिला नव्हता. ती म्हणाली, “मी म्हटलं होतं. तुम्ही ऐकलं नाही, त्याला मी काय करू?” पत्नीनेही तिचीच बाजू घेतली. पूर्ण १४० द्यावे लागले.